वालाचं पिंप

वालाच्या पिंपाला कान लावायची सवय माझ्या सासूबाईंची, माईंची. भुंगे लागले की आतून कुरकुर ऐकू येते. यंदा ती आली, तेव्हा मी बोईसरहून किडे मारणाऱ्या बुरशीची पांढरी भुकटी आणली. माईंनी ती राखेसारखी उघड्या हातांनीच वालांना चोळली.

आठवड्यात भुंगे मेले. एकेकावर कापसासारखी पांढरी लव आली होती. पिंप गप्प झालं.

आज दुपारी जेवताना पुन्हा कुरकुर सुरू झाली. मी उठून पिंपाला कान लावला. आत काहीच आवाज नव्हता.

"तिथं नाय गो, हितं आयक," माई म्हणाल्या आणि माझं डोकं छातीशी ओढून घेतलं.

मी कितीतरी वेळ धडधड शोधत राहिले. येत होती ती नुसती कुरकुर.