कोबीचे दिवस

“आज तुम्ही बोलाच, आई,” सून खालच्या आवाजात म्हणाली. “आमचं ते ऐकायचे नाहीत.”

जेवणाच्या टेबलाशी तिघं बसली होती. सासू, सून आणि मुलगा. आत स्वयंपाकघरातून डॉक्टर सासऱ्यांची शीळ ऐकू येत होती. आज बेत कोबीचा होता. कालही कोबीचाच होता. बाजारात कोबीचा हंगाम चालू होता, आणि ज्या ऋतूत जे पिकतं तेच खावं, असं त्यांच्या स्वयंपाकाच्या पुस्तकात लिहिलेलं होतं.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. उभा जन्म लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेला. मग दवाखाना मुलाच्या हवाली केला आणि हाताला काम उरलं नाही. त्यातच रक्ताचा रिपोर्ट आला, तोही काही बरा नव्हता. तेव्हा त्यांनी व्हीगन स्वयंपाकाचं एक जाडजूड पुस्तक आणलं. मग दुसरं आणलं. मग पुस्तकं ठेवायला शेल्फ आणलं. घरातून दूध गेलं, लोणी गेलं, चीज आणि अंडी गेली. शेवटी मधही गेला, कारण तो मधमाश्यांचा. ज्या माणसाला आपल्याच घरात साखरेचा डबा कुठे असतो ते ठाऊक नव्हतं, त्याने बघता बघता स्वयंपाकघराचा ताबा घेतला.

काम मात्र त्यांनी दवाखान्यातल्यासारखंच मांडलं. बटाटा शिजला की नाही हे ते दात तपासायच्या आकड्याने टोचून बघत. पुस्तकात ‘चवीपुरतं’ असं लिहिलेलं दिसलं की त्यांना लेखिकेचा राग येई. कोणाच्या चवीपुरतं, हे तिने सांगायला नको? एकदा त्यांनी काजू भिजवून, वाटून त्यांचं चीज केलं. मुलाने घास घेतला आणि तो चपापला. दातांचे ठसे घ्यायचा लगदा रोज त्याच्या हाताखालून जायचा. त्याची चव कशी असेल, हा प्रश्न त्या दिवशी सुटला.

“कसं झालंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“वेगळंच झालंय,” मुलगा म्हणाला. डॉक्टरांना ते कौतुक वाटलं, आणि काजूचं चीज घरात कायमचं राहायला आलं.

पुढे मुलगा दोन पेशंटांच्या मध्ये दार लावून उकडलेली अंडी खाऊ लागला. सून ऑफिसातून निघतानाच सँडविच उरकून येऊ लागली. दोघांनाही एकमेकांचं ठाऊक होतं आणि दोघंही त्या विषयाला हात घालत नव्हती. खरी काळजी त्यांना आईची होती. ती दिवसभर घरात, ती जाणार कुठे? समोर येईल ते गुमान खायची. वर पुन्हा मागून घ्यायची. नवऱ्याचं मन मोडू नये म्हणून बाई किती सोसते, हे बघून सुनेला भरून यायचं.

“स्वयंपाकघर हातातून गेलं आणि आई खचली,” मुलगा बायकोला सांगायचा. “बोलून दाखवत नाही इतकंच.” आईच्या हातच्या जेवणाची आठवण निघाली की त्याचा आवाज कातर व्हायचा. ती आठवण रोज निघायची.

डॉक्टर ट्रे घेऊन आले. कोबीच्या पानांत राजमा आणि बीट भरून भाजलेलं होतं. सगळ्याला जांभळा रंग चढला होता. वरचं चीज वितळायला हवं होतं. ते ठाम होतं. डॉक्टरांनी सगळ्यांना वाढलं आणि घरभर घास चावण्याचा आवाज सुरू झाला.

आई घासामागून घास घेत होती. सुनेने तिला कोपराने ढोसलं. तरी ती खातच राहिली. शेवटी मुलाचाच धीर सुटला.

“बाबा, आता पुरे,” तो म्हणाला. “आमचं सोडा, आम्ही कुठेही भागवू. पण आईचा तरी विचार करा. तिचं स्वयंपाकघर तिला परत द्या.”

डॉक्टर चमचा हातात धरून उभे राहिले. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

“तुलाही आवडत नव्हतं?”

तिच्या तोंडात राजमा होता. तो पटकन गिळण्यासारखा नव्हता.  डॉक्टरांनी गळ्यातला ॲप्रन काढला, नीट घडी केली आणि तिच्या ताटाशेजारी ठेवला. “मला वाटलं, निदान तुला तरी...” एवढं म्हणून ते खुर्चीत बसले. पेशंटने भर उपचारात उठून जावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

टेबलाखाली सुनेने सासूचा हात दाबला. आईने घास संपवला, ॲप्रन उचलला आणि उठली. मुलाचा चेहरा खुलला. परतलेल्या कांद्याचा वास त्याला आत्ताच येऊ लागला होता.

ती त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. ॲप्रन तिने त्याच्या गळ्यात अडकवला आणि मागून बंदांची गाठ घट्ट मारली.

“बाबांचं आवडत नसेल तर उद्यापासून तू कर,” ती म्हणाली.

मग जागेवर येऊन बसली आणि ताट नवऱ्यापुढे सरकवलं.

“कोबी जरा कच्चा राहिलाय. पण वाढा. लग्न झाल्यापासून सगळ्यांची जेवणं उरकली की मग उरलेलं गारढोण खात आले मी. आता मला गरम जेवायची सवय लागलीय.”