उलटतपासणी

“हप्ता चुकला की दारात येऊन बसायचात, आणि खटला उभा राहिल्यावर पाठ दाखवता?” सुतार कोर्टाच्या व्हरांड्यात विमा कंपनीच्या साहेबावर कडाडला. “पाळणा विकलेला असता, तर आम्ही वकील दिला असता,” साहेब म्हणाला. “बहिणीला भेट दिलात. तो काही धंदा नव्हे.” आत टेबलावर पाळण्याची तुटलेली खुंटी होती आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, त्या पाळण्यातून पडून बाळ गमावलेली त्याची थोरली बहीण. नवऱ्याच्या हट्टापायी खटला तिनंच भरला होता. “वकील नाही? मग साक्षीदाराला तुम्हीच विचारा,” न्यायाधीश म्हणाले. वाचवणारा प्रश्न सुताराच्या ओठांवर आला होता: खुंटीला आईच्या पलंगाचंच जुनं लाकूड लाव, असं कोण म्हणालं होतं? परक्या वकिलानं तो खुशाल विचारला असता. भावानं कुठल्या तोंडानं विचारायचा? तो पिंजऱ्यापाशी गेला. “ताई, किती वाळलीस गं! जेवतेस ना वेळेवर? एवढंच सांग मला.”