तळावरचा खडू

"मी काय शेळी आहे का, खूण करून ठेवायला?" धाकटी हातातली चप्पल नाचवत ओरडली. चपलेच्या तळावर पांढऱ्या खडूनं लिहिलं होतं, 'फीय'. "सगळ्या पोरी हसल्या मला. पायावर पाय टाकून बसले होते."

"तसं बसायला कुणी सांगितलं?" बूटवाला म्हणाला. खडू त्याच्या कानामागे होता. "आणि फीय म्हणजे मुलगी. खोटं लिहिलंय का?"

"मी मुलगी आहे हे तुम्हाला माहितीये ना? मग लिहायचं कशाला?"

"त्यांना माहीत नाही. त्यांना सांगायचंय."

ते म्हणजे थोरल्या मुलाची बायको आणि त्याची चिमुरडी. उद्या पहिल्यांदा घरी येणार होत्या. दोघींना फ्रेंच सोडून दुसऱ्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं.

दुकान घराच्या खालीच. दुरुस्तीला आलेल्या जोड्याच्या तळावर बूटवाला खडूनं मालकाचं नाव लिहायचा. गिऱ्हाईक जोडा घालून चालायला लागलं की नाव आपोआप पुसलं जायचं. नाव नसलेला जोडा म्हणजे कुणाचाच नाही. तो कोपऱ्यातल्या खोक्यात. वही-पेनाशी बूटवाल्याचं कधी जमलं नाही, म्हणून फ्रेंचही त्यानं असंच शिकायला घेतलं. धाकटी फोनवर ऐकून शब्द सांगायची, तो घरातल्यांच्या चपलांवर लिहायचा. संध्याकाळपर्यंत सगळं साफ. सकाळी परत लिहायचं. असं करत करत पाठ.

बूटवाल्याच्या बायकोच्या डाव्या चपलेवर 'मेर', आई. उजवीवर 'बेल-मेर', सासू. बेल म्हणजे सुंदर, हे कळल्यापासून ती उजवा पाय जरा जपूनच टाकायची. तिचा भाऊ जोडा शिवायला आला, त्याच्या जोड्यावर 'ओंक्ल' पडलं, मामा.

"काकाला पण ओंक्लच म्हणतात," धाकटीनं सांगितलं.

"म्हणजे मला आणि त्या चिक्कूला एकच शब्द?" मामा भडकला. "ही कसली भाषा!"

आता धाकटीची नजर दाराशी गेली. बूटवाल्याचे तपकिरी बूट तिथं पडले होते. तिनं एक उलटा केला. तळ कोरा.

"आणि हे? आमच्याच चपला रंगवायच्या होय? बापाला काय म्हणतात ते सांगितलंय मी तुम्हाला. पेर."

"माहितीये. ते मी लिहायचं नाही."

बायकोनं गॅस बंद केला. थोरला लग्न करायला परदेशी निघाला तेव्हा याच दारात उभा राहून बूटवाला म्हणाला होता, "आजपासून मला बाप म्हणू नकोस." पोरगंही बापाच्याच वळणाचं. त्यानं खरंच म्हटलं नाही. फोन केला की आईशी मनसोक्त गप्पा, आणि याच्याशी, "बरं आहे ना?" बाबा नाही, काही नाही.

"मग चुकलो म्हणायचं," बायको म्हणाली.

"या म्हटलं ना मी!"

"या म्हणणं आणि चुकलो म्हणणं एक नाही."

"मीच म्हणू नको म्हटलं. आता मीच कसं लिहू?"

धाकटीनं चप्पल फेकली आणि तशीच जिना उतरायला लागली.

"ए! पायात घाल!" बूटवाला केवढ्यांदा ओरडला. "खाली खिळे सांडलेत. माझ्या दुकानात अनवाणी कुणी उतरायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी दाराशी सगळे जोडे उलटे करून ओळीत मांडलेले. धाकटीच्या चपलेवर फीय पुसून 'तांत' आलं होतं. आत्या.

थोरला आला. जरा सुटलेला. सून हसत होती. नात बापाच्या मांडीमागे लपलेली. "बरं आहे ना?" थोरला म्हणाला. "बरं आहे," बूटवाला म्हणाला, आणि खाली फतकल मारून बसला. एका तळावर बोट ठेवायचं, मग त्या माणसाकडे बोट करायचं. "बेल-मेर!" बायको लाजली. सुनेनं टाळ्या वाजवल्या. "तांत!" धाकटीनं जीभ काढून दाखवली. नात खुदकन हसली आणि पुढं आली.

ओळीतले शेवटचे बूट तिनं उचलले. एक बघितला, दुसरा बघितला. वर बघून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय?" धाकटीनं विचारलं.

"हे कुणाचे," थोरला म्हणाला.

"तुझ्या बापाला विचार," बूटवाला म्हणाला, आणि मान खाली घातली. "चुकलंच माझं तेव्हा."

थोरला त्याच्या शेजारी बसला. हात लांब करून त्याच्या कानामागचा खडू काढून घेतला, लहानपणी पळवायचा तसा. एका बुटावर लिहिलं, 'पेर'. दुसऱ्यावर, 'ग्राँ-पेर'. वरची भुकटी फुंकली.

"हा माझा," त्यानं पहिला बूट दाखवला. मग दुसरा नातीच्या हातात दिला. "हा तुझा. आजोबा." आणि वळून म्हणाला, "बाबा, अक्षर नीट आलंय ना?"

बूटवाल्यानं दोन्ही बूट घेतले. तळ वर करून ओळीत ठेवले. एक जरा वाकडा होता, तो सरळ केला.

तेवढ्यात खालून हाक आली, "दुकानात आहे का कुणी?"

"आलो, आलो!" तो ताडकन उठला. डोळे बाहीला पुसले आणि जिन्याकडे धावला.

"अहो, बूट!" बायको ओरडली.

"बाबा, खिळे!" धाकटी ओरडली.

"हात लावू नका कुणी त्या बुटांना!" अर्ध्या जिन्यातून आवाज आला. "निघू द्या मला, गिऱ्हाईक थांबलंय."