महागडं डबडं

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही साताऱ्याहून थेट चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावात राहायला आलात आणि कॉलनीतल्या मुलांच्या तमिळ बोलण्यातलं तुम्हाला एक अक्षरही कळत नाही. बाबांच्या बदलीमुळे ऊर्मीचं तसंच झालं होतं. जूनमध्ये आलेली ही पोर जानेवारीतला पोंगल सण आला तरी बागेतल्या बाकावर एकटीच बसायची. बाबांचा जीव तुटायचा.

वाढदिवसाला तिने हट्ट करून रोलचा छोटा कॅमेरा घ्यायला लावला. जुनी असूनही पुन्हा फॅशनमध्ये आलेली ती वस्तू, किंमत ऐकून बाबांचे डोळेच पांढरे झाले. संध्याकाळी बागेत बसल्यावरही त्यांची कुरकुर संपेना.

"अगं बयो, फोनवर फुकटात हवे तेवढे फोटो निघतात. या डबड्यात एकटीने स्वतःचा फोटो कसा काढशील?"

"एकटीला नाहीच काढता येत, बाबा," ऊर्मी म्हणाली. "फोनमधले माझे सगळे फोटो मीच काढलेत."





ऊर्मी उठली, झोपाळ्यावरच्या मुलीकडे गेली आणि "ओरु फोटो, प्लीज?" असं तोडक्या तमिळमध्ये 'एक फोटो' मागत तिने कॅमेरा तिच्या हातात दिला.