जोडीतलं घड्याळ

"जोडी नी टूटेगी, भिया," दुकानदारानं सांगून टाकलं आणि डबी मिटली.

देवासच्या त्या दुकानात काउंटरशी धीरज उभा होता, शेजारी मेधा. दोघांची ओळख नव्हती. पण अर्धा तास शोधून दोघांनीही बोट ठेवलं ते याच डबीवर. आत दोन घड्याळं होती, एक पुरुषाचं, एक बाईचं. गडद हिरवी तबकडी, तपकिरी पट्टा. कंपनीनं ती नवरा-बायकोसाठी जोडीनं विकायला काढली होती. धीरजला त्यातलं मोठं हवं होतं, मेधाला लहान.

धीरज देवासच्याच एका कारखान्यात फोरमन होता. मोबाइल गेटवर जमा करावा लागे, म्हणून घड्याळ हवं. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यानं स्वतःसाठी हौसेनं काही घेतलं नव्हतं. नववीतल्या अनन्यानं सकाळीच बजावलं होतं, "बाबा, रोज घालायचंय ना, मग दिसायलाही जरा बरं आणा. महाग नको, तुम्ही आपटून ठेवाल."

मेधा धारला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. चार दिवस मावशीकडे देवासला आली होती. बोर्डाच्या परीक्षेत वर्गावर मोबाइल चालत नाही, तेव्हा तिलाही घड्याळ लागणारच होतं. वय एकोणचाळीस. बघण्याचे अकरा कार्यक्रम झाल्यावर पाच वर्षांपूर्वी तिनं ते बंद करून टाकले होते. अकराही वेळा लोकांनी तिला निरखून पाहिलं, पण तुला काय आवडतं, असं एकानंही विचारलं नाही. आज मावशी बरोबर यायला निघाली, तेव्हा मेधा म्हणाली, "मी एकटीच जाते. माझं मला निवडू दे."

दुकानात सुरुवातीला दोघं आपापलं बघत होते. दुकानदारानं धीरजच्या मनगटावर एक भलंमोठं घड्याळ चढवलं. ते बघून तो स्वतःशीच पुटपुटला, "हे घड्याळ आहे की पोळपाट!"

पलीकडून खुदकन हसू ऐकू आलं. धीरज ओशाळला.

"सॉरी हं. मला वाटलं, या दुकानात मराठी कुणाला समजत नसेल."

"मराठी समजते, आणि पोळपाट आमच्याकडेही आहे," मेधा म्हणाली. "पण खरंच काढा ते. हात दुखेल."

मग त्यानं तिला विचारलं, की सोनेरी पट्टा वाईट दिसतो का. तिनं त्याला विचारलं, की खडूची धूळ या काचेवर दिसेल का. खडे लावलेलं एक घड्याळ त्यानं नाकारलं, "हे लग्नात घालायचं आहे, रोज नाही." गुलाबी एक तिनं बाजूला सारलं. सरकत सरकत दोघं काउंटरच्या मधोमध आले आणि तिथं ती डबी उघडी होती.

"तुम्हाला कोणतं आवडलं?" धीरजनं विचारलं.

साधा प्रश्न, पण मेधानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग तिनं लहान घड्याळावर बोट ठेवलं. त्याचं बोट आधीच मोठ्यावर होतं.

आणि आता डबी मिटली होती. धीरज म्हणाला, "तुम्ही घ्या ना दोन्ही. मी दुसरं बघतो." ती म्हणाली, "मी दोन घालून काय करू?" दुकानदार म्हणाला, "आपस में समझ लो."

मेधानं डबी पुन्हा उघडली.

"दोघं मिळून घेऊ," ती म्हणाली. "तुमचं तुम्हाला, माझं मला."

तिनं घड्याळ बांधलं, दोन बोटं मनगटावर ठेवली आणि सेकंदकाट्याकडे बघत मिनिटभर मोजलं. वर्गात मुलींना ती अशीच नाडी मोजायला शिकवायची. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "शहाण्णव ठोके? माझे बहात्तर असतात. घड्याळ हळू चालतंय."

दुकानदारानं ते मोबाइलशेजारी धरून पाहिलं. "घडी तो एकदम बरोबर है, दीदी."

मेधानं घाईघाईनं बोटं मनगटावरून काढली. धीरज पट्ट्याची भोकं मोजू लागला. त्याचे कान लाल झाले होते.

पैसे देऊन झाले. दुकानदारानं गॅरंटी कार्ड पुढे सरकवलं. घड्याळं दोन, कार्ड एकच. नावाची ओळही एकच.

"किसका नाम लिखूं?"

धीरजनं कार्ड मेधाकडे सरकवलं.

"इनका लिखो," धीरज दुकानदाराला म्हणाला.

"आणि तुमचं बिघडलं तर?" मेधानं विचारलं. मग त्याच्या उत्तराची वाट न बघता कार्डावर तिनं स्वतःचं नाव लिहिलं, खाली नंबर लिहिला आणि तो नंबर एका कागदावर उतरवून त्याच्या हातात दिला. "तर धारला यायचं. कार्ड माझ्याकडे आहे."

बोलून गेल्यावर तिला स्वतःचंच नवल वाटलं. रस्त्यात एकदा ती थांबली आणि एकटीच हसली.

घरी अनन्यानं बाबांचा हात ओढून घड्याळ बघितलं. "मस्त आहे! तुम्ही निवडलंत?"

"नाही," धीरज म्हणाला. "म्हणजे, हो. दोघांनी." आणि मग त्यानं तिला सगळं सांगितलं. पोळपाटापासून कागदावरच्या नंबरापर्यंत. अनन्या ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मग फोन करा ना!"

पुढच्या रविवारी धीरजनं इस्त्रीचा शर्ट घातला. इंदूरला गंगवाल स्टँडवर बस बदलली आणि अकराच्या सुमाराला तो धारला उतरला. फोनवर ठरल्याप्रमाणे मेधा कार्ड घेऊन स्टँडवर आली होती.

"काय बिघडलं?" तिनं काळजीनं विचारलं.

"काहीच नाही," धीरज म्हणाला.