दाराची फळी

पातं फळीत शिरलं आणि शिरतच गेलं. डॉक्टरांनी लाल बटणावर हात मारला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. फळीच्या मधोमध आरपार चर पडला होता. खालचं टेबल खरवडलं होतं. पात्याचं टोक तुटून कोपऱ्यात उडालं होतं. भावाच्या सहीतलं एक अक्षरसुद्धा उमटलं नव्हतं.

डॉक्टर दातांचे. जन्मभर लोकांच्या जबड्यात यंत्र चालवलं, आता जरा न ओरडणारं काहीतरी कोरू, म्हणून हौसेनं हे सीएनसी राउटर घरी आणलेलं. संगणकावर आकृती काढायची, लाकूड घट्ट आवळून बसवायचं, पुढचं यंत्र बघून घेतं. फक्त लाकडाची वरची बाजू कुठे आहे, ते शून्य त्याला आधी दाखवावं लागतं. नवं पातं बसवताना डॉक्टरांनी ते टेबलावर टेकवून शून्य मांडलं होतं. मग फळी चढवली आणि शून्य पुन्हा मांडायचं राहूनच गेलं. यंत्र बिचारं हुकमाचं ताबेदार. त्याच्या लेखी मध्ये फळी नव्हतीच.

आणि फळी काही साधीसुधी नव्हती. थोरल्या भावानं आपल्या हातांनी घराचं दार केलं होतं. भाऊ गेला, जुनं घर पाडून नवं झालं, आणि त्या दाराची ही एवढी एकच फळी उरली होती. वहिनींनीच ती आणून दिली होती, सोबत मुलीच्या प्रगतिपुस्तकावरची भावाची सही. पुतणी परदेशात असते. तिनं बाबांच्या हातचं काहीतरी मागितलं होतं, तेवढंच.

"आधी टाकाऊ लाकडावर हात बसू द्या," बायको म्हणाली होती. पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! दोन तुकडे कोरून डॉक्टर स्वतःला कारागीर समजायला लागले होते.

वहिनींना सांगायची छाती झाली नाही. डॉक्टर चोरासारखे जुन्या लाकडाच्या वखारीत गेले. वखारवाल्यानं ढिगातून एक फळी ओढून काढली.

"जुन्या दाराची आहे. हिच्या जोडीची मध्यंतरी एक बाई घेऊन गेल्या, ही उरली."

रंग तोच. रुंदी तीच. खिळ्यांची भोकंसुद्धा तशीच. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही, फळी काखोटीला मारली आणि घर गाठलं. या वेळी शून्य फळीवरच मांडलं, पुन्हा पुन्हा तपासलं. सही सुरेख उतरली. शेवटच्या अक्षराची शेपटी भाऊ लांबवायचा, तीसुद्धा.

वहिनींनी सहीवरून बोट फिरवलं. "सही अगदी ह्यांचीच," एवढंच म्हणाल्या आणि फळी पालथी घालून ठेवली. वर पाहिलं नाही. डोळ्यांतलं पाणी लपवतायत, असं डॉक्टरांना वाटलं. भावाची शेवटची खूण आपण भुशात घातली, आणि वर त्याच्या बायकोच्या डोळ्यांत धूळ फेकली. स्वतःची लाज वाटावी असंच होतं ते.

दवाखान्यात मन लागेना. खुर्चीतल्या बाईंना त्यांनी काळजीनं विचारलं, "दुखतंय का?"

"अहो डॉक्टर, तुम्ही अजून सुरू कुठे केलंय?"

पुतणी यायच्या आदल्या दिवशी त्यांनी चर पडलेली फळी चादरीत गुंडाळली आणि वहिनींच्या समोर नेऊन उघडली.

"वहिनी, दादाची फळी ही. मी घालवली. तुम्हाला दिली ती वखारीतली. मला माफ करा, असं म्हणायचंही तोंड नाही मला."

वहिनींनी उठून दार लावून घेतलं.

"भावोजी, हीसुद्धा ह्यांची नाही."

"म्हणजे?"

"जाताना ह्यांनी एकच सांगितलं होतं, दार तेवढं ठेव. आणि घर पाडलं त्या दिवशी मी भाड्याच्या घरात भांडी लावत बसले होते. आठवलं तोवर ट्रक निघून गेला होता. किती वखारी पालथ्या घातल्या, नाही सापडलं. शेवटी मिळतीजुळती बघून एक फळी उचलली. तुम्ही ओळखाल म्हणून जीव टांगणीला लागला होता माझा."

डॉक्टरांनी मान खाली घातली. भावाच्या त्या दारातून वर्षानुवर्षं ते आत-बाहेर करत आले होते. त्यांनी ओळखलं नव्हतं.

वहिनींनी सहीची फळी आणली आणि चराच्या फळीला लावून ठेवली. लाकडाच्या रेषा हिच्यातून तिच्यात सरळ निघून गेल्या. कडेच्या कडीचं अर्धं भोक इकडे होतं, अर्धं तिकडे. दोन्ही मिळून गोल पूर्ण झाला. कुणा अनोळखी माणसाचं दार दोघांच्या मध्ये आडवं पडलं होतं. त्यावर भावाची सही होती.

वहिनींनी त्या गोलावर तळहात ठेवला.

"ह्यांचं दारही असंच कुणीतरी आपल्या बापाचं म्हणून जपत असेल, भावोजी."