तीन हाका

नव्या कायद्याचं कलम साहेबांनी वाचून दाखवलं. संशयित बोटीला भोंग्यावरून तीन हाका द्यायच्या. थांबली नाही, तर गोळी.

"आणि ऐकूच नाही गेलं तर?" कुणीतरी विचारलं.

"अरे, बहिऱ्यालाही ऐकू जाईल एवढा मोठा भोंगा आहे!"

सगळे जवान हसले. त्यांच्यातला एका कोळ्याचा मुलगाही हसला.

सुट्टीत तो घरी आला. चाळीस वर्षं बोटीच्या इंजिनाशेजारी काढलेले बाबा अंगणात पाठमोरे बसून उद्यासाठी जाळं सांधत होते. त्याने वर्दी घातल्यापासून ते हाकेला ओ देत नसत; रुसलेत, असंच तो धरून चालला होता.

"बाबा!" मग मोठ्याने. मग घसा फाटेस्तोवर.

शेवटी तो जवळ गेला. जाळ्यावर सावली पडली, तसे बाबा दचकून वळले आणि तोंडभर हसले.

"कधी आलास रे? हाक तरी मारायचीस!"